सात मीटर दोरीवर माणसाचे सगळे भाऊबंद : मुलांना उत्क्रांती दाखवायची एक पद्धत

सगळ्यात आधी एक काम करा, घरात किंवा मुलांच्या प्रोजेक्टच्या फाइलमध्ये तो चार्ट असेल ना, डावीकडे वाकलेलं माकड, मग जरा कमी वाकलेलं, मग केसाळ माणूस, आणि शेवटी उजवीकडे ताठ चालणारा आपल्यासारखा बाबा, तो काढून ठेवा. तो चार्ट बघून मोठी झालेली माणसं आयुष्यभर एकच प्रश्न विचारतात की मग आताची माकडं माणूस का होत नाहीत. चूक त्यांची नाहीच, चित्रच तसं सांगतं, रांग लागलीय आणि एकाचा दुसरा होतोय. प्रत्यक्षात रांग कधी नव्हतीच, भाऊबंदकी होती, एकाच वेळी चार-पाच घरं नांदत होती. आणि हे नुसतं बोलून कळत नाही, मुलांना तर नाहीच नाही, डोळ्यांनी बघावं लागतं आणि पायाने चालावं लागतं. म्हणून ही दोरी.

मी ठाण्यात राहते, वर्तकनगरला, आमच्या बिल्डिंगच्या खाली स्टिल्ट पार्किंग आहे तिथे मे महिन्याच्या सुट्टीत सोसायटीतल्या मुलांना जमवून हे करते. दोन-अडीच तास लागतात, तयारीला आदल्या दिवशीची एक संध्याकाळ. खाली लिहिलंय ते सगळं करून बघितलेलं आहे, तुम्ही तुमच्या सोयीने कमी-जास्त करा, पण माप मात्र बदलू नका कारण सगळी गंमत मापातच आहे.

माप असं. १ मीटर म्हणजे १० लाख वर्षं. म्हणजे १ सेंटीमीटर म्हणजे १० हजार वर्षं आणि १ मिलिमीटर म्हणजे १ हजार वर्षं. हे एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं मुलं स्वतः काढतात, पाचवीतल्या मुलालासुद्धा जमतं. माणसाची आणि चिंपांझीची वाट साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली, म्हणून आपल्याला ७ मीटर दोरी लागते.

सामान जांभळी नाक्याच्या बाजारात एका फेरीत मिळतं. गवंडी वापरतात ती नायलॉनची दोरी ८ मीटर घ्या, सुतळी घेऊ नका, ती ताणली की लांबते आणि सगळ्या खुणा सरकतात, मी पहिल्या वर्षी सुतळीवर केलं होतं आणि ७ मीटरची दोरी दुपारपर्यंत वीतभर जास्त झाली होती. लोकरीचे ८ वेगवेगळ्या रंगांचे छोटे गुंडे. कागदी टेप, जी फरशीवरून निघते आणि मागे चिकटा ठेवत नाही. शिंप्याची टेप. शाळेची ३० सेंटीमीटरची फूटपट्टी, ही विसरू नका. जाड कागदाच्या पट्ट्या, पेन्सिल, रंगीत खडू. शाडूची माती दोन किलो, गणपतीच्या दिवसांतली उरलेली असेल तर भिजत घाला. घरातले तांदूळ पाच-सहा किलो, मोजायचा मिलिलिटरचा मग, आणि जाड प्लॅस्टिकच्या आठ पिशव्या.

जागा सपाट आणि कमीत कमी साडेसात मीटर हवी. पार्किंग नसेल तर लिफ्टसमोरचा पॅसेज चालतो, २ बाय २ फुटांच्या टाइल्स असतील तर तेरा टाइल्स मोजा, झालं. गच्चीवर करू नका, मे महिन्यात फरशी तापते आणि वाऱ्याने लोकर उडते.

दोरी फरशीवर ताणून दोन्ही टोकं टेपने पक्की करा. एका टोकाला आज, म्हणजे शून्य. मी शून्य नेहमी जिन्याकडे ठेवते आणि मुलांना लांबच्या टोकाकडून चालवत आणते, म्हणजे चालता चालता ती घरी येतात. दोरीवर दर मीटरला खडूने ठळक खूण करा.

आता पहिली गोष्ट मुलांना शून्यापाशी बसवून दाखवायची. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ चा, म्हणजे साडेतीनशे वर्षं. दोरीवर किती? एक तृतीयांश मिलिमीटर. पेन्सिलच्या रेघेची जाडी त्याच्यापेक्षा जास्त असते. सम्राट अशोक सव्वादोन मिलिमीटरवर. हडप्पा-मोहेंजोदडो साडेचार मिलिमीटरवर. शेती सुरू झाली ती सव्वा सेंटीमीटरच्या आत, अंगठ्याच्या नखाएवढी जागा. शाळेत इतिहास म्हणून जे जे शिकवतात ते सगळं त्या एका नखाखाली झाकलं जातं, मी खरंच प्रत्येक मुलाला अंगठा ठेवायला लावते. ज्यांच्या घरी कुलवृत्तांत आहे त्यांनी तो आणा, आमच्या घरचा नऊ पिढ्यांचा आहे, आम्हाला त्याचा केवढा अभिमान, पण २५ वर्षांची एक पिढी धरली तर एका सेंटीमीटरमध्ये ४०० पिढ्या बसतात. हे ऐकल्यावर मुलं एकदम गप्प होतात, त्या वेळी तुम्हीही बोलू नका, मागे वळून सात मीटरच्या टोकाकडे बघू द्या.

मग सगळ्यांना उठवून लांबच्या टोकाला न्या. ७ मीटरवर एक पट्टी, सहेलान्थ्रोपस. २००१ साली आफ्रिकेतल्या चाड देशात वाळवंटात याची कवटी सापडली, तिला तिथल्या भाषेत तूमाई म्हणतात. मेंदू चिंपांझीएवढा पण सुळे लहान. तो दोन पायांवर चालत होता का यावर अजून शास्त्रज्ञांत वाद आहे, मुलांना वाद आहे असंच सांगा, त्यांना वाद आवडतात.

इथे थांबून एक गोष्ट नीट करून घ्या, नाहीतर पुढे सगळा गोंधळ होतो. आपण ठाण्यातल्या येऊरच्या जंगलात जातो तेव्हा गेटपाशी माकडं दिसतात, त्यांना शेपूट असतं. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांना शेपूट नसतं, त्यांना एप म्हणतात, आपण त्या घरातले. आणि चिंपांझीपासून आपण झालो नाही. तुझा चुलतभाऊ तुझ्यापासून झाला का? नाही. तुमचे आजोबा एक. तसंच हे, तो आजोबा चिंपांझीही नव्हता आणि माणूसही नव्हता, त्याच्या एका नातवाचं घर आफ्रिकेच्या जंगलात राहिलं आणि दुसऱ्याचं आपलं. चिंपांझीसुद्धा तेवढीच वर्षं बदलत आलाय, तो थांबून आपल्यासारखा व्हायची वाट बघत बसलेला नाही. एका मुलाने मला विचारलं होतं की काकू त्याचा नंबर कधी लागणार, म्हणजे बघा चार्ट किती खोल गेलाय डोक्यात.

साडेचार मीटरच्या जरा अलीकडे, ४.४ वर, आर्डी. इथिओपियात सापडलेली आर्डिपिथेकस, हिच्या पायाचा अंगठा हाताच्या अंगठ्यासारखा बाजूला फाकलेला. झाडावर फांदी पकडायला पाय आणि खाली आली की दोन पायांवर, असं दोन्हीकडचं जगणं. मुलांना त्यांचा तळहात जमिनीवर पावलाशेजारी ठेवायला सांगा आणि दोन्ही अंगठे बघायला सांगा, एक फाकतो, एक बाकीच्या बोटांच्या रांगेत. आर्डीचा पाय त्या हातासारखा होता.

आणि इथूनच सरळ शाडूच्या मातीकडे जायचं. माती परातीत दोन बोटं जाड थापा, वरून पाण्याचा हात फिरवा आणि एकेका मुलाला अनवाणी पाऊल टाकू द्या. टाच खोल जाते, मध्ये कमान उठते, अंगठा शेवटी ढकलतो, हे तिघंही ठशात स्वच्छ दिसतं. मग दोरीवर ३.६६ मीटरला उभं राहा. टांझानियात लाएटोली म्हणून जागा आहे, १९७८ साली मेरी लीकींच्या टीमला तिथे पावलांचे ठसे सापडले, जवळजवळ २७ मीटर लांब माग. ज्वालामुखीची राख पडली होती, वर हलका पाऊस झाला, राख ओल्या सिमेंटसारखी झाली, त्यातून कोणीतरी चालत गेलं, मग ती कडक झाली आणि वरून पुन्हा राख पडून झाकली गेली. घोडबंदर रोडकडच्या कुठल्याही नव्या सोसायटीत सिमेंटच्या रस्त्यावर कुत्र्याच्या पावलांचा माग दिसतो ना, कोणीतरी काल ओतलेलं आणि रात्री कुत्रा फिरून गेला, अगदी तेच, फक्त ३६ लाख वर्षांपूर्वीचं. त्या ठशांत अंगठा आपल्यासारखा रांगेत आहे आणि टाच खोल आहे. मोठ्या पावलांशेजारून लहान पावलं गेलीत. कोण होते, नातं काय, हे हाडं सांगत नाहीत, पण शेजारी चालत होते एवढं माती सांगते. मला स्वतःला या सगळ्या दोरीत ही जागा सगळ्यात जवळची वाटते, मी इथे घाई करत नाही.

३.२ मीटरवर लूसी. २४ नोव्हेंबर १९७४ ला इथिओपियात हडार इथे डोनाल्ड जोहान्सन यांना ती सापडली, सांगाड्याचा साधारण ४० टक्के भाग. उंची साडेतीन फूट, म्हणजे आपल्या सीनिअर केजीतल्या मुलीएवढी, पण ती पूर्ण वाढलेली बाई होती. इथिओपियात तिला डिंकिनेश म्हणतात, म्हणजे तू अद्भुत आहेस. आमच्याकडच्या मुली लूसीपेक्षा हेच नाव पट्टीवर लिहितात. तिच्या जातीचं, म्हणजे प्रजातीचं, नाव ऑस्ट्रेलोपिथेकस अफारेन्सिस, ती जात साधारण ३९ लाख ते २९ लाख वर्षांपूर्वीपर्यंत होती.

आता लोकर काढायची. आणि इथेच माझी पहिल्या वर्षीची चूक सांगते. मी तेव्हा लोकर वापरली नव्हती, दोरीवर नुसत्या पट्ट्या लावल्या, लूसी, मग हॅबिलिस, मग इरेक्टस, मग निअँडरथल, मग आपण. तिसऱ्या मजल्यावरची एक दहा वर्षांची मुलगी शेवटी म्हणाली, म्हणजे निअँडरथलचेच आपण झालो ना. मी चार्ट फाडून तोच चार्ट फरशीवर परत मांडला होता. त्या रात्री बसून विचार केला तेव्हा लोकर सुचली. एक जात म्हणजे एक ठिपका नाही, ती अमुक वर्षांपासून तमुक वर्षांपर्यंत असते, म्हणून प्रत्येकीचा धागा, दोरीला समांतर, एकाखाली एक, जिथे सुरू तिथे टेप, जिथे संपली तिथे टेप.

लांबी अशी कापा. लूसीची जात, ३.९ पासून २.९ मीटरपर्यंत. होमो हॅबिलिस, २.४ पासून १.४. पॅरान्थ्रोपस बॉइसाय, २.३ पासून १.२, हा केवढ्या मोठ्या दाढांचा, चघळणारा, १९५९ ला याचीही कवटी मेरी लीकींनाच ओल्डुवाईला मिळाली. होमो इरेक्टस, १.९ मीटरपासून थेट ११ सेंटीमीटरपर्यंत. होमो नलेडी, साडेतेहतीस ते साडेतेवीस सेंटीमीटर. निअँडरथल ४० पासून ४ सेंटीमीटर. डेनिसोवन साधारण २० ते ५. होमो फ्लोरेसिएन्सिस १० ते ५. आणि आपण, होमो सेपियन्स, ३० पासून शून्य. या सगळ्या आकड्यांत नवीन हाड सापडलं की थोडं पुढेमागे होतं, सुरुवात म्हणजे आपल्याला सापडलेलं सगळ्यात जुनं हाड एवढंच, हे मुलांना सांगून ठेवा.

आपल्यासाठी मी लोकर लावत नाही, तिथे फूटपट्टी ठेवते. मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदची हाडं ३ लाख वर्षांपूर्वीची, म्हणजे बरोबर ३० सेंटीमीटर, बरोबर एक फूटपट्टी. ती ठेवायची आणि तिच्याच वर इरेक्टसचा धागा बघायचा, १ मीटर ७९ सेंटीमीटर. एका उंच मुलाला धाग्याशेजारी आडवं झोपवा, जवळजवळ सगळा मुलगा भरेल. आपली फूटपट्टी त्याच्या गुडघ्यापर्यंतसुद्धा येत नाही. आपल्याहून सहापट काळ टिकलेली माणसं होती ती, आफ्रिकेतून निघून जॉर्जिया, चीन, जावापर्यंत गेलेली. १८९१ ला जावामध्ये यूजीन द्युब्वा यांना पहिल्यांदा त्यांचं हाड मिळालं. केनियात तुर्काना सरोवराच्या काठी १९८४ ला कामोया किमेऊ यांना एका मुलाचा जवळजवळ पूर्ण सांगाडा दिसला, १५-१६ लाख वर्षांपूर्वीचा, आठ-नऊ वर्षांचा मुलगा आणि उंची पाच फुटांच्या वर. हे ऐकून चौथीतली मुलं एकमेकांशी उंची लावून बघतात, बघू द्या.

धागे लावून झाले की एक लांब झाडू किंवा पडद्याची दांडी घ्या आणि दोरीवर आडवी ठेवा, आधी १.८ मीटरला. दांडीखालून किती धागे जातात मोजा. हॅबिलिस, बॉइसाय, इरेक्टस, तीन. हे तिघं पूर्व आफ्रिकेत एकाच भागात नांदत होते. मग दांडी सरकवत ११ सेंटीमीटरला आणा. इरेक्टसचं शेवटचं टोक जावात, निअँडरथल युरोप आणि पश्चिम आशियात, डेनिसोवन पूर्वेकडे, आफ्रिकेत आपण, आणि दांडी एक बोट पुढे घेतली की इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर साडेतीन फुटांचे फ्लोरेसिएन्सिस. फिलिपिन्समध्ये होमो लुझोनेन्सिस, ज्याचं नाव २०१९ ला ठेवलं, त्याची पट्टी ६ ते ७ सेंटीमीटरच्या मध्ये लावा. आणि मग काही न बोलता दांडी ३ सेंटीमीटरला ठेवा.

एकच. फक्त फूटपट्टी.

प्रत्येक वर्षी कोणीतरी विचारतंच, बाकीचे कुठे गेले. याला एका वाक्याचं उत्तर देऊ नका, कारण नाहीये. हवामान फार झपाट्याने बदलत होतं, त्यांच्या टोळ्या लहान होत्या आणि एकमेकांपासून लांब, आपली संख्या वाढत होती, आणि काही जण आपल्यात मिसळले. मिसळले हे नक्की, कारण ते रक्तात सापडलंय. स्वान्ते पेबो यांनी आणि त्यांच्या टीमने २०१० ला निअँडरथलचा डीएनए वाचून दाखवला, २०२२ ला त्यांना नोबेल मिळालं. आफ्रिकेबाहेरच्या माणसांत साधारण १ ते २ टक्के डीएनए निअँडरथलचा असतो, म्हणजे तुमच्या पार्किंगमध्ये बसलेल्या प्रत्येक मुलात. आपल्यात थोडा डेनिसोवनचाही आहे. पालकांना एक गोष्ट जास्त लागते ती सांगते, कोविडमध्ये कोणाला फार त्रास झाला आणि कोणाला नाही यात वय, मधुमेह वगैरे कारणं होतीच, पण तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा धोका वाढवतो असं दिसलं आणि २०२० ला पेबो आणि झेबर्ग यांनी दाखवलं की तो तुकडा निअँडरथलकडून आलाय. दक्षिण आशियात साधारण निम्म्या लोकांत तो आहे. म्हणजे ४ सेंटीमीटरवर धागा संपला खरा पण तो पूर्ण तुटला नाही, म्हणून मी निअँडरथलच्या धाग्यातली एकच बारीक शेंडी सोडवून आपल्या फूटपट्टीला बांधते. तशीच एक डेनिसोवनची.

९ सेंटीमीटरवर एक वेगळी छोटी पट्टी लावा. सायबेरियात डेनिसोवा गुहेत दोन सेंटीमीटरच्या आसपास लांब हाडाचा तुकडा मिळाला, २०१८ ला त्याचा डीएनए वाचला तर ती मुलगी निघाली, साधारण ९० हजार वर्षांपूर्वीची, आई निअँडरथल आणि वडील डेनिसोवन. डेनिसोवन ही जातच आधी २०१० ला याच गुहेतल्या करंगळीच्या हाडातून कळली होती. दोन वेगळ्या घरांतले आईवडील आणि त्यांची लेक, एवढी नेमकी गोष्ट एका तुकड्यातून कळते, मुलांना तो तुकडा केवढा ते शेंगदाण्याच्या टरफलावरून दाखवा.

निअँडरथल म्हणजे रानटी, गदा घेतलेला, ही दुसरी खोडायची समजूत. त्यासाठी इराकमधल्या शनिदार गुहेतल्या माणसाची गोष्ट सांगते. १९५० च्या दशकात राल्फ सोलेकी यांनी खणून काढला तो. लहान वयात डोक्याला जबर मार, एका डोळ्याने बहुतेक दिसत नसावं, उजवा हात वाळलेला आणि कोपराच्या वर संपलेला, पायही अधू, कानातही हाड वाढलेलं म्हणजे ऐकू कमी. आणि तो चाळिशी ओलांडून जगला. जखमा भरून आलेल्या आहेत, म्हणजे नंतर कितीतरी वर्षं गेली. शिकारीवर जगणाऱ्या टोळीत असा माणूस एकट्याने जगणं शक्य नाही, कोणीतरी त्याला रोज खायला देत होतं, वाट बघून थांबत होतं. हे वाचून मला आमच्या मजल्यावरच्या आजी आठवतात, ज्यांना रोज कोणी ना कोणी हात धरून खाली आणतं.

तांदळाचा प्रयोग मधल्या सुट्टीनंतर ठेवा कारण मुलं कंटाळलेली असतात आणि तांदूळ म्हटलं की परत जागी होतात. मगने मोजून पिशव्या भरा. चिंपांझी ४०० मिलिलिटर. लूसीची जात ४५०. हॅबिलिस ६००. इरेक्टस ९००, यांच्यात लहान-मोठे खूप होते. निअँडरथल १४५०. आपण १३५०. नलेडी ५००. फ्लोरेसिएन्सिस ४००. भरताना पिशवी आपटून तांदूळ बसू द्या नाहीतर माप चुकतं, पूर्वी खरोखरच कवट्या मोहरी नाहीतर छर्रे भरून मोजायचे आणि तिथेही हीच अडचण यायची. नावं न सांगता पिशव्या मुलांच्या हातात द्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला लावा. सगळ्यात जड पिशवी सगळेजण आपली म्हणून उचलतात, आणि ती निघते निअँडरथलची. मग सगळ्यात हलकी पिशवी फ्लोरेसिएन्सिसची, जी चिंपांझीएवढी भरते, पण त्यांच्या गुहेत दगडी हत्यारं मिळालीत. नलेडीची पिशवी फूटपट्टीशेजारी ठेवा, म्हणजे आपण आफ्रिकेत होतो तेव्हाच दक्षिण आफ्रिकेत एवढ्याशा मेंदूचे लोकही होते. मेंदू वाढत गेला आणि म्हणून माणूस झाला ही सरळ गोष्ट इथे मुलं स्वतःच मोडतात, तुम्हाला काही सांगावं लागत नाही.

भारताचं काय, हा प्रश्न येणारच आणि यावाच. १.५ मीटरवर तमिळनाडूतलं अतिरमपक्कम लावा, चेन्नईपासून जवळ, तिथल्या दगडी हातकुऱ्हाडी १५ लाख वर्षांपूर्वीच्या, शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ ला हे वय दाखवलं. नर्मदेकाठी हथनोऱ्याला ५ डिसेंबर १९८२ ला अरुण सोनकिया यांना कवटीचा वरचा भाग मिळाला, भारतात मिळालेलं हे फार मोलाचं हाड, पण त्याचं वय आणि जात यावर एकमत नाही, म्हणून त्याची पट्टी मी दोरीला चिकटवत नाही, बाजूला ठेवते. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरीला ज्वालामुखीच्या राखेसोबत दगडी हत्यारं आहेत, तिथेही राखेच्या वयावर वाद आहे, तीही पट्टी बाजूला. आणि आपल्या अगदी शेजारी, येऊरचा डोंगर ओलांडून पलीकडे कांदिवलीला टॉड नावाच्या नौदलातल्या अधिकाऱ्याला १९३० च्या दशकात दगडी हत्यारं मिळाली होती, १९३९ ला त्यांनी त्यावर लिहिलं. हे सांगितलं की मुलं दुसऱ्या दिवशी खिसे भरून दगड आणतात. त्यांना रागावू नका, एकेक दगड हातात घेऊन बघा, कडेला मुद्दाम काढलेले टवके एका रांगेत आहेत का, नसतील तर तो नुसता फुटलेला दगड. माझ्या पिढीने पुस्तकात रामापिथेकस हा माणसाचा पूर्वज म्हणून वाचलाय, शिवालिक टेकड्यांत सापडलेला, तो मात्र लावू नका, नंतर जास्त हाडं मिळाली तेव्हा कळलं की तो शिवापिथेकसच आहे आणि त्याचं नातं ओरांगउटानशी आहे.

डायनोसॉर कुठे, हेही कोणीतरी विचारेल. ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले, म्हणजे शून्यापासून ६६ मीटर. चालत जाऊन मोजा, आम्ही गेटबाहेर जाऊन रिक्षा स्टँडपर्यंत पोचतो. येऊरच्या डोंगराचा काळा दगड, आपला बेसॉल्ट, साधारण त्याच काळातला, तोही तिकडेच.

मोठी माणसं येऊन बसतात, येऊ द्या. आमच्याकडे एका आजोबांनी विचारलं की दशावतारात मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन असं आधीच सांगितलंय ना. मी म्हटलं, आजोबा, दशावतार ही आपल्या श्रद्धेची गोष्ट, तिला हाडांचा पुरावा लागत नाही, आणि ही हाडांची गोष्ट, हिला पुरावा नसेल तर पट्टी बाजूला ठेवावी लागते, आत्ताच दोन ठेवल्या बघा. ते बराच वेळ बाजूच्या पट्ट्या वाचत उभे होते. वाद घालू नका, मुलांसमोर तर नकोच, पण दोन्हीची मिसळही करू नका.

आवरताना आधी लोकरीचे धागे टेपसकट एका पुठ्ठ्याला गुंडाळा, मग दोरी, गाठ न मारता. तांदूळ चाळून परत डब्यात. शाडूचे ठसे सावलीत दोन दिवस वाळू द्या, उन्हात तडकतात, आणि मागे मुलाचं नाव, वय आणि तारीख कोरून त्याला द्या. पट्ट्यांवर सगळं पेन्सिलनेच लिहा. माझ्याकडे एक पट्टी होती, होमो लाँगी, चीनमधल्या हार्बिनच्या मोठ्या कवटीची, २०२१ ला नाव ठेवलेलं, मी मार्करने ठळक लिहिली होती. २०२५ ला त्या कवटीतल्या प्रथिनांवरून आणि दातावरच्या कीटणातल्या डीएनएवरून ती डेनिसोवन निघाली, म्हणजे ज्यांचा आपल्याकडे एवढा लहानसा धागा होता आणि चेहराच नव्हता, त्यांना चेहरा मिळाला. पट्टी नवीन करावी लागली. डब्यात दहा-बारा कोऱ्या पट्ट्या आणि दोन रंगांची जास्तीची लोकर ठेवून मगच झाकण लावा.